मॅच हरलो की डोकंच फिरतं, हे हेल्दी आहे का ताई?

मिरजेहून एका २१ वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालाय. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते.

"ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज रात्री मित्रांसोबत मोबाइलवर बीजीएमआय हा शूटिंग गेम खेळतो, रँक पुश चालू आहे, क्राउन रँकमधून वरच्या एस रँकला जायचंय. जिंकलो की ठीक, पण हरलो की माझं डोकं फिरतं. टीममेटला शिव्या देतो, हातात येईल ते आपटतो. गेल्या महिन्यात फोन भिंतीवर फेकला, डिस्प्ले गेला, पप्पांनी हप्त्यावर घेऊन दिलेला फोन होता. मित्र म्हणतात राग येतो म्हणजे तू सिरीयस प्लेयर आहेस, ज्याला हरल्याचं काही वाटत नाही तो काय जिंकणार. आणि राग बाहेर काढलेलाच बरा, दाबून ठेवला की आजार होतात. हे खरंय का? अजून एक, माझी लहान बहीण पाचवीत आहे. मला जेवायला बोलवायला येते तेव्हा आधी दारातून वाकून स्क्रीनकडे बघते आणि मगच बोलते. परवा काहीच न बोलता परत गेली."

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तिथे येतेच, पण आधी तू जे विचारलंयस त्याचं सरळ उत्तर देते. राग येणं हेल्दी आहे. तीस मिनिटं जीव लावून खेळायचं, शेवटच्या झोनपर्यंत जायचं आणि कुणीतरी मागून येऊन मारून जायचं, त्यावर काहीच वाटलं नाही तर मग खेळायचं तरी कशाला. पण राग येणं वेगळं आणि तो दुसऱ्याच्या अंगावर काढणं वेगळं, तुझे मित्र दोन्ही एकाच पिशवीत घालतायत आणि तुला शाबासकी देतायत.

बुद्धिबळातल्या मॅग्नस कार्लसनचा तो व्हिडिओ तू नक्की बघितला असशील. १ जून २०२५, नॉर्वे चेस, समोर आपला गुकेश, नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला. कार्लसनचा डाव चांगला होता, हातातून गेला, आणि त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. एवढा मोठा खेळाडू, इतकी वर्षं खेळतोय, त्यालाही राग आलाच ना. पण पुढचं बघ, त्याने हात मिळवला, सॉरी म्हणाला, जाताना गुकेशच्या पाठीवर थाप मारून गेला. आणि गुकेशनेही नंतर सांगितलं की मीसुद्धा बरीच टेबलं आपटलीयत. मूठ आपटली ती चूकच, मी त्याचं समर्थन करत नाहीये, पण समोरच्याला त्याने शिवी दिली नाही, आणि चुकलं हे त्याचं त्याला तिथल्या तिथे कळलं. तू टीममेटला जे बोललास त्याबद्दल कधी फोन करून सॉरी म्हणालायस का? पत्रात तरी तसं काही दिसलं नाही मला.

आता ते "राग बाहेर काढलेलाच बरा". हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, मीही कितीतरी वर्षं मानत होते, पण ते खरं नाहीये. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. आधी त्यांना मुद्दाम चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगला ठोसे मारायला लावले, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत करत, आणि काही जण नुसते गप्प बसून राहिले. ठोसे मारणाऱ्यांचाच राग जास्त उरला, गप्प बसलेले लवकर निवळले. २०२४ मध्ये त्याने आणि सोफी क्येर्विक या संशोधिकेने मिळून दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितले, तर श्वास, ध्यान, योगा असं शरीर शांत करणारं काही केलं की राग उतरतो, आणि पळायला गेलं की उतरत नाही, उलट वाढूही शकतो, कारण छाती आधीच धडधडत असते आणि आपण ती अजून धडधडवतो. म्हणजे तू उशी आपटतोस, फोन फेकतोस तेव्हा राग बाहेर पडत नाही रे, त्याची प्रॅक्टिस होते. मोकळं वाटतं ते दोन मिनिटं, मग पुढच्या वेळी हात अजून लवकर उठतो.

आणि तुझ्या मित्रांचं सिरीयस प्लेयरवालं लॉजिक तर साध्या हिशोबातच पडतं. एका मॅचमध्ये शंभर जण, चार-चारचे पंचवीस स्क्वॉड, चिकन डिनर, म्हणजे विजय, त्यातल्या एकाच स्क्वॉडला. सगळे सारख्या ताकदीचे धरले तर शंभरातल्या चार मॅच तुमच्या आणि शहाण्णव हरायच्या, हे गेमच्या रचनेतच आहे. तुम्ही डबल चांगले असलात तरी शंभरातल्या नव्वदच्या वर हरणारच. हरणं हे रोजचं आहे आणि तू दरवेळी कुणीतरी तुला फसवल्यासारखा चिडतोस, कधी नेटचा लॅग, कधी लपून बसलेला कॅम्पर, कधी टीममेट. त्यात रँकचे पॉइंट कापले जाऊन मायनस दिसला की लगेच स्टार्ट दाबायचं, तो मायनस भरून काढायला. याला तुम्हीच टिल्ट म्हणता ना? मूळ शब्द पिनबॉल या जुन्या गेमच्या मशीनचा, मशीन रागाने हलवलं की ते टिल्ट दाखवून बंदच पडायचं, मग तो पोकरवाल्यांनी घेतला आणि तिथून तुमच्यापर्यंत आला. टिल्टमध्ये तू काय खेळतोस ते आठव, सरळ पोचिंकीत, मॅपवरच्या त्या गर्दीच्या गावात उतरायचं, कव्हर नाही, कुणाची वाट बघणं नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कान बंद होतात. पावलांच्या आवाजावर चालणारा गेम आहे तो, आणि रागात असताना तुला फक्त तुझाच आवाज ऐकू येतो.

म्हणून मी तुला गेम सोड म्हणणार नाही, पण दोन मायनस झाले की त्या रात्रीचा रँक बंद, मग तिसरी मॅच कितीही हातात आलेली वाटू दे. ती वाटतेच. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, चेहऱ्यावर पाणी मार, दहा-बारा श्वास सावकाश सोड, आणि मग वहीत एकच ओळ लिही, मी कशामुळे मेलो. टीममेट कशामुळे मेला ते नाही लिहायचं. ही गोष्ट राग वाया जाऊ देत नाही, कारण रागात जी ताकद असते ना ती स्वतःची चूक शोधायला फार कामाची असते, मला हे पटलेलं आहे. आणि त्या डिस्प्लेचे निम्मे पैसे तू भर, सुट्टीत काहीतरी काम करून, पप्पा नको म्हणाले तरी भर.

एक गोष्ट तुझी तुलाच तपासायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी २०२२ पासून लागू आहे, पण त्यात हरल्यावर चिडणं हा निकष नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, असं साधारण वर्षभर चाललं तर तो प्रश्न वेगळा. कॉलेज बुडतंय, झोप गेलीय, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाहीये असं असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलि मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजायचं काही कारण नाही.

आता बहीण.

माझे वडील कॅरम खेळायचे, गल्लीतल्या मंडळात, चांगलं खेळायचे. घरी परत यायचे तेव्हा आम्ही दोघी बहिणी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकायचो. जिंकलेले असले की चपला जिन्यात पट्‌पट्‌ वाजायच्या आणि दारात एकाशेजारी एक निघायच्या. हरलेले असले की एक चप्पल कोपऱ्यात जाऊन आदळायची, आणि मग आई वाटीसुद्धा आवाज न करता ठेवायची. त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, साधं ओरडलेही क्वचित. पण मी दहा वर्षांची असताना मला शाळेतून पहिला नंबर आल्याचं सांगायचं होतं आणि मी चप्पल ऐकली, आणि ते प्रगतीपुस्तक दोन दिवस दप्तरातच ठेवलं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, ते माणूस म्हणून फार मायाळू होते, त्यांना ही गोष्ट कधीच कळली नाही, कारण त्यांना सांगायची आमची हिंमत झाली नाही. तुला कळलीय. तू स्वतः होऊन ती पत्रात लिहिलीस, म्हणून मला तुझी काळजी कमी आणि तुझ्याबद्दल आशा जास्त वाटते.

परवा ती परत गेली तेव्हा तिला काय सांगायचं होतं, ते तू विचारलंस का? नुसतं जेवायलाच बोलवायचं होतं की अजून काही होतं? आज विचार. फोन हातात नसताना, तिच्याशेजारी खाली बसून विचार, आणि ती "काही नाही" म्हणाली तर उठू नकोस, बसून राहा थोडा वेळ. पुढचे काही दिवस ती स्क्रीनकडे बघणारच, तेव्हा तू हरलेला असलास तरी मान वर करून तिला "आलो गं" म्हण आणि खरंच ऊठ, मॅच चालू असली तर मित्रांना सांग मी जेवायला चाललोय. किती दिवसांनी ती न वाकता सरळ आत येते ते मला कळव, मी वाट बघेन.

तुझी ताई