मुंबईच्या फ्लॅटमध्ये, फक्त खिडकीच्या ग्रिलमध्ये, लहान मुलांसोबत कुंड्यांचं काय काय करता येईल?

तुमची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, जागा एका ग्रिलपुरती आणि बाटल्या रंगवण्यापलीकडचं काही हवंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट सांगते. कुंडी रंगवण्यात मुलं एक संध्याकाळ रमतात. पण कुंडीत रोज काही घडत असेल, तर दात घासायच्या आधी ग्रिलपाशी जातात. तेव्हा डबा कसा दिसेल यापेक्षा त्यात काय होणार आहे ते बघा.

धाकट्याला मेथी द्या. आपल्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात ना, ती रेतीतच पिकवतात. तेच घरी करायचं. श्रीखंडाच्या डब्याला तळाशी भोकं पाडा, दोन-तीन बोटं रेती भरा (बांधकामाची, धुऊन घेतलेली, चौपाटीवरची नको, ती खारट असते), रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरा आणि पाणी शिंपडत राहा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, दहा-बारा दिवसांत मेथी उपटून आमटीत.

थोरल्यासाठी मात्र कढीपत्ता, आणि तोसुद्धा दोन कुंड्यांत. एक फोडणीसाठी, एक फुलपाखरांसाठी. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही मुंबईत नेहमी दिसणारी फुलपाखरं कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. अंडं मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं. त्यातून निघालेलं पिल्लू पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसतं, तपकिरी-पांढरं, म्हणून मोठी माणसं ते पुसून टाकतात. पुसू नका. शेवटची कात टाकली की तोच सुरवंट हिरवागार होतो. काडीने हळूच डिवचला तर डोक्यामागून केशरी-लाल दोन शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. पूर्ण वाढला की खाणं थांबवतो, फांदीला स्वतःभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेतो आणि कोष करतो. कोषाचा रंग गडद झाला, आतले पंख दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना लवकर उठवा. बाहेर आलेलं फुलपाखरू चुरगळलेले पंख सरळ होईपर्यंत लटकत राहतं. तेवढा वेळ त्याला हात लावायचा नाही. अंड्यापासून इथवर साधारण तीन-चार आठवडे जातात.

दोन-तीन सुरवंट लहान रोपाचा अगदी खराटा करून टाकतात. मुलगा घाबरेल, पण झाड पुन्हा फुटतं. त्या कुंडीवर कडुनिंबाचं तेलसुद्धा फवारायचं नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलपाखरं जास्त येतात, तेव्हा मेच्या सुट्टीतच नर्सरीतून रोपं आणून ठेवा. फार वरच्या मजल्यावर ती कमी पोचतात. तुमचा दुसरा मजला उत्तम.

कुंड्या ग्रिलच्या आतच ठेवा आणि तारेने बांधा, खाली माणसं चालतात. मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलं की वजन कमी होतं. कुंडीखालच्या ताटल्या हे मुलांचं काम. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून दर रविवारी सगळ्या ताटल्या ओतून, घासून, कोरड्या करायच्या. नऊ वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं की तो शेजारच्यांच्या ताटल्याही तपासतो.

उन्हाचं एक लक्षात ठेवा. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. तुमची खिडकी दक्षिणेला असेल तर हिवाळ्यात भरपूर ऊन येईल, पण या दिवसांत जवळजवळ नाही. तेवढे दिवस कढीपत्ता सोसायटीच्या गच्चीत हलवा, आणि ग्रिलमध्ये पुदिना आणि पानांचा ओवा लावा. बाजारातल्या जुडीतली पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की आठवड्याभरात मुळं फुटतात, आणि काचेच्या ग्लासात ती मुलांना दिसतातही.