वाचकांचे प्रश्न : उपग्रहाचा नकाशा आणि धुराचा हिशेब

प्रश्न (नाशिकरोड) : एकलहरे औष्णिक केंद्राच्या परिसराचा नायट्रोजन डायऑक्साइडचा उपग्रह-नकाशा उतरवून घेतला आहे. त्यावरून ताशी किती किलो बाहेर पडतो हे काढता येईल का?

उत्तर : येईल, पण नकाशावरचा लाल रंग म्हणजे उत्सर्जन नव्हे. सेंटिनेल-५पी हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो, तेव्हा जमिनीच्या दर चौरस मीटरवरच्या हवेत जेवढा वायू उरलेला असतो तेवढाच ट्रोपोमी हे उपकरण सांगते. वाऱ्याने नेलेला आणि रासायनिक क्रियेत संपलेला वायू हिशेबात आपणच आणायचा.

आधी गुणवत्ता निर्देशांक (प्रत्येक मोजमापासोबत येणारा, ते किती भरवशाचे हे सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.७५ पेक्षा कमी असलेली मोजमापे काढून टाका. ढगांची बहुतेक तिथेच गळतात. एका दिवसावर विसंबू नका, ऑक्टोबर ते मेमधल्या मोकळ्या दिवसांची सरासरी घ्या. शहराबाहेरच्या, वाऱ्याच्या उलट दिशेच्या शेतीपट्ट्यातला आकडा पार्श्वभूमी म्हणून वजा करा.

समजा, २० बाय २० किलोमीटरच्या चौकोनात दर चौरस मीटरला सरासरी ५० मायक्रोमोल जादा आहेत (मोल हे वायूचे प्रमाण मोजायचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग; या वायूचा एक मोल म्हणजे ४६ ग्रॅम). एकूण २०,००० मोल, म्हणजे ९२० किलो. वायूचे आयुष्य, म्हणजे रासायनिक क्रियेत संपण्याआधी तो हवेत सरासरी किती टिकतो ते, ४ तास धरले तर ताशी २३० किलो. सोबतच्या नायट्रिक ऑक्साइडसाठी १.३२ ने गुणले की सुमारे ३०० किलो. आयुष्य ६ तास धरून पाहा : तोच आकडा २०० वर येतो! खरी गोम इथे आहे. शिवाय वारा जोराचा असेल तर वायू संपण्याआधीच चौकोनाबाहेर जातो आणि उत्तर कमी येते. म्हणून जाणकार वायूचे प्रमाण आणि वाऱ्याचा वेग यांच्या गुणाकारावरून चौकोनात किती शिरले, किती बाहेर पडले हे काढतात आणि संपलेला भाग त्यात मिळवतात.

आणखी दोन खाचा. मोजमापाचा एक तुकडा साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, त्यात चिमणी आणि महामार्ग एकत्र मिसळतात. आणि दुपारी दीडचा दर २४ ने गुणून दिवसाचा आकडा काढू नये, संध्याकाळची द्वारका चौकातली गर्दी त्यात नसते.

प्रश्न (गंगापूर रोड) : अख्ख्या देशाचे उत्सर्जनही असेच काढतात का?

उत्तर : बहुधा उलट्या बाजूने. इंधनाच्या खपावरून केलेली यादी (उदाहरणार्थ एडगर ही जगभरच्या उत्सर्जनाची यादी) वातावरणाच्या संगणकीय प्रारूपात घालतात, उपग्रहाला काय दिसायला हवे ते काढतात आणि प्रत्यक्ष मोजमापाशी जुळेपर्यंत यादीतले आकडे हलवतात. मातीतून, विजांमुळे आणि वणव्यांतून येणारा वायू वेगळा काढावा लागतो, नाहीतर तोही कारखान्यांच्या खात्यावर चढतो. जिथे पावसाळाभर ढगांमुळे मोजमापेच मिळत नाहीत, तिथे उत्तर म्हणून मूळ यादीच परत मिळते. त्यामुळे असा अहवाल वाचताना अंतिम आकड्याआधी तो यादीपासून किती हलला आणि कोणत्या महिन्यांत, हे शोधा.

प्रश्न (पंचवटी) : पीएम २.५ चेही (अतिसूक्ष्म धूलिकणांचे) उत्सर्जन असे मिळेल?

उत्तर : इतके सरळ नाही. उपग्रह धूलिकणांमुळे प्रकाश किती अडला ते पाहतो. त्यात आर्द्रतेने फुगलेले कण, वाऱ्याने आलेली धूळ आणि वायूंपासून हवेतच तयार झालेले कण असतात. यातला चिमणीतून निघालेला वाटा प्रारूपाशिवाय वेगळा होत नाही.