लिंक दिसते पण क्लिक होत नाही: तिच्यावर काय बसलंय ते आधी शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचनालयाची वर्डप्रेस साइट आहे, वरच्या मेन्यूत सहा लिंका आहेत. डावीकडच्या दोन चालतात, उजवीकडच्या चार मेल्यासारख्या पडून आहेत. हे फक्त होम पेजवर, फक्त कॉम्प्युटरवर होतं, मोबाइलवर सगळं ठीक. माउस नेला तरी बाणाचा हात होत नाही. तुम्ही लिंकांचे पत्ते तपासले, कॅशे साफ केली, मेन्यू नव्याने बनवला, झेड-इंडेक्स (कोणता थर वर, कोणता खाली हे ठरवणारा आकडा) ९९९९९ करून पाहिला. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की वार्षिक सभेची सूचना देणारी चौकट मागच्याच आठवड्यात टाकली, ती बंद केली की नीट बंद होते. माझा संशय त्याच वाक्यावर आहे.

बाणाचा हात होत नाही, ही खूण फार मोलाची. पत्ता चुकलेला असता तर हात आला असता आणि भलतंच पान उघडलं असतं. एखाद्या स्क्रिप्टने क्लिक अडवली असती तरीही हात आला असता. हातच येत नाही, म्हणजे बहुतेक वेळा माउस लिंकपर्यंत पोचतच नाहीये. खात्री करायची तर त्या बंद लिंकवर उजवी क्लिक करा. चालणाऱ्या लिंकवर 'नव्या टॅबमध्ये लिंक उघडा' असा पर्याय येतो. बंद लिंकवर तो आला नाही तर ब्राउझरच्या लेखी तिथे लिंक नाहीच, दुसरंच काहीतरी आहे.

आता माउस बाजूला ठेवा. टॅबची कळ दाबत दाबत त्या लिंकपर्यंत जा आणि एंटर मारा. पान उघडलं तर लिंक धडधाकट आहे, मेन्यूला हात लावायचं कारण नाही. कीबोर्डला वरच्या पांघरुणाची अडचण नसते, तो थेट लिंकवर जातो. टॅब त्या लिंकला वगळून पुढे गेला तर मात्र दुखणं वेगळं. लिंकला पत्ताच नसेल, किंवा त्या भागावर 'इनर्ट' (तो भाग निष्क्रिय करणारी खूण) लागलं असेल.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. पान म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. तुम्ही जिथे क्लिक करता त्या बिंदूवर सर्वात वरची काच कोणती, एवढंच ब्राउझर बघतो आणि क्लिक तिला देतो. ती रंगीत आहे की अगदी पारदर्शक, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, शून्य केलेली चौकट डोळ्याला दिसत नाही, पण जागेवर असते आणि क्लिक खाते. व्हिजिबिलिटी हिडन केली तर जागा अडते पण क्लिक खाली जाते. डिस्प्ले नन केलं की जागाही जाते आणि अडथळाही. तिन्हींनी चौकट दिसेनाशी होते, म्हणून आपण तिघांना एकच समजतो, आणि तिथेच फसतो.

आता गुन्हेगार पकडू. बंद लिंकच्या बरोबर अक्षरांवर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. खाली जी ओळ निळी होते ती लिंकची नसेल, कुठल्यातरी डिव्हची (पानावरच्या एका चौकोनी खोक्याची) असेल. त्या ओळीवर माउस ठेवला की पानावर तिचा आकार रंगून दिसतो. तुमच्याकडे उजव्या कोपऱ्यात एक मोठा आयत उमटेल आणि त्याची डावी कड दुसऱ्या आणि तिसऱ्या लिंकच्या मधोमध येईल, असा माझा अंदाज आहे. ती ओळ निवडून डिलीटची कळ दाबा आणि लिंक पुन्हा चालवून बघा. घाबरू नका, हे फक्त तुमच्या स्क्रीनवरच पुसलं जातं, रिफ्रेश केलं की सगळं परत येतं.

बरेच जण सगळ्या घटकांना लाल आउटलाइन (भोवतीची रेघ) देऊन बघायला सांगतात. युक्ती चांगली आहे, पण या दुखण्यात नेमकी तीच दगा देते. ओपॅसिटी शून्य असलेल्या चौकटीची आउटलाइनसुद्धा तिच्याबरोबर अदृश्य होते. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. त्यापेक्षा कन्सोलमध्ये (त्याच इन्स्पेक्टच्या खिडकीतला, आज्ञा टाइप करायचा टॅब) एलिमेंट्सफ्रॉमपॉइंट (document.elementsFromPoint) हे फंक्शन वापरा. बिंदूचे दोन आकडे दिले की त्या जागी वरपासून खालपर्यंत कोण कोण बसलंय त्याची यादी मिळते. एकच लक्षात ठेवा, बिफोर-आफ्टरने (सीएसएसने घटकाला आधी-नंतर जोडलेल्या भागाने) काढलेला थर तिथे स्वतःच्या नावाने येत नाही, ज्याचा आहे त्या घटकाचं नाव येतं. यादीत वरचा घटक निरागस वाटला तर त्याचे बिफोर-आफ्टर उघडून बघा.

तुमचा झेड-इंडेक्स का चालला नाही? तो आकडा तुम्ही लिंकांना दिलात, पण लिंका हेडरच्या पोटात आहेत. हेडर चिकटता आहे (पान सरकवलं तरी वरच राहतो), म्हणजे त्याचा स्वतःचा वेगळा थर तयार झालेला असतो, आणि आतला आकडा आतल्या आतच मोजला जातो. पायथ्याशी दहा मजली इमारत बांधली म्हणून ती डोंगरावरच्या बैठ्या घरापेक्षा उंच होत नाही. तुलना हेडरच्या आकड्याची आणि चौकटीच्या आकड्याची होते. हेडरचा आकडा वाढवून आज सुटेलही, पण उद्या चौकट उघडली की मेन्यू तिच्या डोक्यावर येऊन बसेल. हे आकडे फुगवत नेणं मला मनापासून नावडतं. सहा महिन्यांनी त्या फाइलला हात लावणाऱ्याला काहीच उलगडत नाही.

खरा उपाय चौकटीच्या बंद अवस्थेत आहे. तिथे ओपॅसिटी शून्य असेलच, त्याच्या खाली व्हिजिबिलिटी हिडन जोडा. उघड्या अवस्थेत व्हिजिबल करा, आणि ट्रान्झिशनमध्ये (बदल हळूहळू घडवणाऱ्या नियमात) ओपॅसिटीबरोबर व्हिजिबिलिटीलाही तेवढाच वेळ द्या. मग हळूच विरण्याचा परिणाम तसाच राहतो आणि विरून झालं की चौकट खरोखर बाजूला होते. कस्टमायझरमधल्या 'अ‍ॅडिशनल सीएसएस'मध्ये हे लिहिता येईल. थीमच्या मूळ फाइलमध्ये लिहू नका, पुढच्या अपडेटला पुसलं जाईल.

कुणीतरी पॉइंटर-इव्हेंट्स नन (माउसची क्लिक त्या थरातून आरपार खाली जाऊ देणारा नियम) सुचवेल. माउसपुरतं ते चालेल, पण चौकटीतलं बटण टॅबने अजून सापडत राहील आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) न दिसणारी सभेची सूचना वाचत बसेल. वाचनालयाच्या साइटवर दृष्टिहीन वाचकही येतात, त्यांच्यासाठी हे नीटच करा. नुसत्या सजावटीच्या थराला, फोटोवरच्या सावलीला वगैरे, पॉइंटर-इव्हेंट्स नन अगदी योग्य आहे.

आणखी एक खाच सांगतो, कारण ती मला फार लागली होती. एका मंगल कार्यालयाच्या साइटवर 'तारीख विचारा' हे बटण माझ्या काकांच्या फोनवर चालायचं नाही. सगळ्यांनी त्यांनाच सांगितलं, फोन जुना झालाय, तुम्हाला नीट दाबता येत नाही. काकांना हलत्या चित्रांनी चक्कर येते म्हणून त्यांनी फोनमध्ये अ‍ॅनिमेशन कमी केलेलं. साइट उघडताना फिरणारं चक्र विरून संपलं की 'ट्रान्झिशन संपलं' हा संदेश येणार आणि मग त्याची पारदर्शक चादर काढली जाणार, अशी तिथे रचना होती. अ‍ॅनिमेशन बंद असलेल्यांसाठी ट्रान्झिशनच काढून टाकलेलं, त्यामुळे तो संदेश कधी यायचाच नाही आणि चादर पूर्ण पानावर तशीच पसरलेली राहायची. काकांचं बोट बरोबर जागी पडत होतं. म्हणून तुमची दुरुस्ती झाली की अ‍ॅनिमेशन बंद करूनही एकदा तपासा.

चौकट निर्दोष निघाली तर पुढचे संशयित असे: शोध-पट्टीचा मिटलेला पॅनेल, पॉप-अप काढून टाकल्यावर मागे उरलेला त्याचा पडदा, उणे मार्जिनने वर सरकलेला स्लायडर, भोवती भरपूर रिकामी जागा असलेला लोगो. मोबाइलवर तुमचं सगळं चालतं, त्यामुळे छोट्या स्क्रीनवर डिस्प्ले नन होणारं काय काय आहे ते मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या आकारानुसार लागू होणाऱ्या सीएसएसच्या नियमांत) आधी बघा. शोध निम्म्यावर येईल.

एकदा इन्कॉग्निटो खिडकीतही उघडून पाहा. तिथे लिंका चालल्या तर तुमच्या ब्राउझरमधलं एखादं एक्स्टेंशन पानावर थर टाकत असण्याची शक्यता आहे.

डिलीट करून लिंका चालल्या तर त्या डिव्हचा क्लास आणि उजवीकडे दिसणाऱ्या सीएसएसच्या ओळी इथे टाका. नेमकं कुठे काय लिहायचं ते सांगतो.