मायएसक्यूएल प्रोसीजरमध्ये सौदा नसलेल्या तारखेला हळदीचा आधीचाच दर का येतो?

कारण तुम्ही दर @दर मध्ये ठेवताय, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ॲट (@) लावलेलं व्हेरिएबल प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) संपली तरी जात नाही, कनेक्शन चालू आहे तोवर अख्ख्या सेशनभर तसंच राहतं. त्यात सांगली मार्केट यार्डात ज्या दिवशी सौदेच निघाले नाहीत त्या तारखेला तुमच्या सिलेक्ट इंटूला (टेबलातली किंमत व्हेरिएबलमध्ये टाकणारी कमांड) एकही ओळ मिळत नाही, आणि ओळ नसली की मायएसक्यूएल एरर न देता नुसती वॉर्निंग देतं, व्हेरिएबलला हातच लावत नाही (मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलंय), मग आधीच्या कॉलमधलाच दर बाहेर येणार.

ॲट काढा आणि बिगिनच्या लगेच खाली, बाकी काही लिहायच्या आधी, डिक्लेअर व्ही_दर डेसिमल(१०,२) असं घ्या. हे त्या बिगिन-एंडपुरतंच असतं, डिफॉल्ट दिला नाही तर प्रत्येक कॉलला नल (NULL, म्हणजे किंमतच नाही) पासून सुरू होतं, आणि टाइप पक्का राहतो, जो ॲटवाल्याला देताच येत नाही. पुढचं व्ही_ मुद्दाम लावलंय. व्हेरिएबलला किंवा पॅरामीटरला कॉलमचंच नाव दिलं की 'व्हेअर तारीख = तारीख' मध्ये मायएसक्यूएल दोन्हीकडे व्हेरिएबलच धरतं आणि सगळ्या तारखांच्या ओळी येतात, हा घोळ शोधायला लई वेळ जातो.

फक्त हे एसक्यूएल सर्व्हरला (मायक्रोसॉफ्टचा वेगळा डेटाबेस) लावू नका, तिथं ॲट सगळ्याच लोकल व्हेरिएबलना असतो आणि त्यांचा स्कोप (व्हेरिएबल जिथवर चालतं ती हद्द) बॅचपुरता, म्हणजे एकत्र पाठवलेल्या कमांडपुरता, बॅच संपवणारा 'गो' आला की संपला.