सोशल न्यूरोसायन्स (माणसांच्या एकमेकांशी वागण्याचा मेंदूच्या अंगाने अभ्यास) हा विषय घ्यावा का? जीवशास्त्र नसेल तर झेपतो का?

घ्या. झेपतो. मी सांगलीहून मानसशास्त्रात बी.ए. करून इंग्लंडला एमएस्सीला गेले, तेव्हा माझंही जीवशास्त्र दहावीलाच सुटलेलं होतं. तरी हा पर्यायी विषय घेतला आणि पास झाले.

पण प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय: ‘माणसं अशी का वागतात हे मेंदूतून नक्की कळेल, म्हणून घ्यावासा वाटतो.’ मी त्या वाक्यापाशी अडकले. मी स्वतः नेमकी ह्याच कारणासाठी हा विषय घेतला होता. म्हणून लांबलचक लिहिते आहे.

सुरुवातीचे चार-पाच आठवडे मी भारावून गेले होते. आठवड्याला एक व्याख्यान, एक चर्चेचा तास आणि वाचायला दोन शोधनिबंध. कॅसिओपो आणि बर्न्टसन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली ह्या विषयाची मांडणी केली तिथून सुरुवात, मग चेहरे ओळखणं, मग दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, मग एकटेपणा. २००३ चा चेंडूचा प्रयोग तर तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. मेंदूची चित्रं घेणाऱ्या स्कॅनरमध्ये (एफएमआरआय) झोपलेला माणूस पडद्यावर दोघांबरोबर चेंडू फेकण्याचा खेळ खेळतो आणि थोड्या वेळाने ते दोघे त्याच्याकडे चेंडू टाकणंच बंद करतात. खरं तर ते दोघे नसतातच, खेळ संगणक चालवत असतो. तरीही खेळणाऱ्याच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी जोडलेला एक भाग जास्त सक्रिय झालेला दिसला. मला लगेच आपल्याकडचं वाळीत टाकणं आठवलं. ज्या राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तिथल्या मुलीला ‘वगळलं जाणं दुखतं’ हे पटवून द्यावं लागत नाही. त्या प्रयोगात माणसं फक्त १३ होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आणि २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अधिक बारकाईने पाहिलं तेव्हा शारीरिक वेदना आणि नाकारलं जाणं ह्यांचे मेंदूतले नमुने वेगळे करता आले, हे तर मला वर्ष संपताना कळलं.

मी स्वतःही एका प्रयोगासाठी स्कॅनरमध्ये झोपले. सगळ्यांनी झोपावं असं माझं मत आहे. आधी लांबलचक फॉर्म: शरीरात कुठे धातू आहे का, कधी शस्त्रक्रिया झाली आहे का. माझी चमकी निघता निघेना, त्यात दहा मिनिटं गेली. मग कानात बोळे, हातात संकटकाळी दाबायचा फुगा, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं कॉइल, डोळ्यांसमोर छोटा आरसा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. बाहेर आल्यावर तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी माझ्या मेंदूचं चित्र दाखवलं आणि सांगितलं की हे यंत्र विचार पाहत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक पाहतं, आणि तोही विचार होऊन गेल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. संपूर्ण कोर्समध्ये मला ह्याहून कामाचं कुणी काही सांगितलं नाही.

सहाव्या आठवड्याचा विषय होता मिरर न्यूरॉन. इटलीत पार्मा इथे रिझोलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी पेटतात आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी पेटतात. इथवर सगळं पक्कं आहे. मग त्यावर इमले चढले: माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं ते ह्याच पेशींमुळे, आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांमध्ये हा ‘आरसा तुटलेला’ असतो. आमच्या चर्चेच्या तासाला २००६ चा एक निबंध होता. त्यात दहा स्वमग्न आणि दहा इतर मुलांना चेहऱ्यांवरच्या भावनांची नक्कल करायला लावली होती आणि स्वमग्न मुलांच्या मेंदूतल्या एका भागात हालचाल कमी दिसली होती. तास संपवताना शिक्षकांनी फळ्यावरच्या स्लाइडचं शेवटचं वाक्य वाचलं: ही माणसं आपल्याबरोबर अनुभवत नाहीत.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे.

मी हात वर करून त्याच्याबद्दल सांगितलं. शिक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. वर्ग पुढे गेला. मी गेले नाही.

मी काय सांगितलं ते इथे लिहिते. आमच्या आजीला कानाचं मशीन होतं. रात्री झोपताना त्याच्या बॅटरीचं झाकण उघडं ठेवावं लागतं, नाहीतर बॅटरी फुकट जाते. आजी विसरायची. धाकट्याने ते काम आपलं म्हणून घेतलं होतं, रोज रात्री दहाला तो तिच्या खोलीत जायचा. आजी गेली त्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं, सगळे रडत होते, आणि दहा वाजता तो उठला, आजीच्या उशाचं मशीन शोधून काढलं, झाकण उघडलं, डबीत ठेवलं आणि डबी मांडीवर घेऊन बसला. आमचे काका डॉक्टर आहेत. ते सगळ्यांदेखत म्हणाले, “बघा, आजी गेली आणि हा डबीशी खेळतोय. त्याच्या मेंदूत ते नाहीच, त्याचा काय दोष?”

‘मेंदूत नाहीच’ हे काकांचं फार जुनं वाक्य. धाकटा पाच वर्षांचा असताना त्यांनी पेपरच्या पुरवणीत आरशाच्या पेशींबद्दल वाचलं आणि आईला येऊन सांगितलं, “वहिनी, तुमचं रडणं त्याला दिसतं, पण पोचत नाही.” वाईट हेतू नव्हता. आईने स्वतःला दोष देऊ नये असं त्यांना वाटत होतं, हे मला आज समजतं. पण परिणाम काय झाला ते ऐका. त्या दिवसापासून आमच्या नात्यात सगळे त्याच्यासमोर काहीही बोलू लागले. ‘आईबापानंतर ह्याला कोण बघणार’, ‘हिच्या लग्नात अडचण येईल’, सगळं त्याच्या तोंडावर, जणू खोलीत कपाट ठेवलंय. आणि तो हळूहळू पाहुणे आले की गच्चीवर जाऊन बसू लागला. त्यावरही काका म्हणाले, बघा, माणसं नकोच असतात त्यांना.

तेव्हा वर्गातल्या त्या स्लाइडवर मला माझ्या काकांचंच वाक्य दिसलं, फक्त इंग्रजीत आणि खाली संदर्भ देऊन.

पुढचे तीन आठवडे मी ग्रंथालयात काढले. एका माणसाची गोष्ट पुरावा नसेल, तर दहा मुलांची किती? मला जे सापडलं त्यातलं तीन गोष्टींपुरतं सांगते. २००४ मध्ये टानिया सिंगर ह्यांनी १६ जोडप्यांवर प्रयोग केला होता: बाई स्कॅनरमध्ये, शेजारी जोडीदाराच्या हाताला विजेचा झटका, आणि तिच्या मेंदूत इन्सुला नावाचा भाग पेटतो. २०१० मध्ये बर्ड, सिंगर, फ्रिथ वगैरेंनी तसाच प्रयोग स्वमग्न माणसांवर केला. तेव्हा दिसलं की हा प्रतिसाद स्वमग्नतेवर अवलंबून नाही. ज्याला स्वतःच्या भावना ओळखायला आणि त्यांना नाव द्यायला जड जातं, त्याचा प्रतिसाद कमी, मग तो स्वमग्न असो वा नसो. दुसरं, स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन ह्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. स्वमग्न माणसांना आपण कळत नाही तेवढेच आपल्यालाही ते कळत नाहीत. आणि तिसरं माझं सगळ्यात लाडकं. २०२० मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून कानगोष्टींसारखी एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे स्वमग्न नसलेल्या साखळीत. जिथे दोन्ही मिसळले, तिथे गळती जास्त.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घातल्या. अकरा वर्षांची असताना मला हे कुणी सांगायला हवं होतं. आईला सांगायला हवं होतं.

ह्यावरच मी अंतिम निबंध लिहिला. ५८ गुण मिळाले, शेरा होता: पक्ष घेऊन लिहिलं आहे. तेव्हा ५० ला पास आणि ६० ला मेरिट होतं, म्हणजे दोन गुणांनी गेलं. 

निबंध मी काकांना पाठवला. सोप्या मराठीत चार पानं करून, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांचा फोन आला, “छान लिहिलंयस, पण मी जे वाचलं होतं त्यात मेंदूचे फोटो होते.” ह्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आज आहे. २००८ चा एक अभ्यास आहे ज्यात मानसशास्त्रातल्या काही गोष्टींची चुकीची, गोल गोल स्पष्टीकरणं लोकांना दिली, आणि काहींना त्यात मेंदूबद्दलचं एक निरर्थक वाक्य जास्तीचं घालून दिलं. ते वाक्य असलं की सामान्य लोकांना चुकीचं स्पष्टीकरणही बरं वाटायचं. आणि मेंदूविज्ञानाचा कोर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही वाटायचं! फसले नाहीत ते फक्त त्या विषयातले तज्ज्ञ. म्हणजे तुम्ही आणि मी, कोर्स घेऊनही, काकांच्याच रांगेत उभे असतो.

हे केवळ घरातलं भांडण नाही. त्याच वर्षी, २००८ मध्येच, पुण्यातल्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीला पुराव्यात जागा दिली होती. गुन्हा ‘अनुभवल्याची’ आठवण ह्या चाचणीतून ओळखता येते, असा दावा होता. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय कुणावर अशा चाचण्या करता येणार नाहीत. आमच्या कोर्समध्ये हे नव्हतं, इंग्लंडच्या कोर्समध्ये असायचं कारणही नाही. पण भारतात हा विषय शिकवणाऱ्याने पहिल्या तासाला हेच सांगावं असं माझं ठाम मत आहे. मेंदूचं चित्र दाखवून एखाद्या माणसाबद्दल निकाल देण्याची घाई आपल्याकडे घरातही होते आणि कोर्टातही झाली आहे.

म्हणून, हा विषय घ्या, पण कुणाच्या आत काय आहे आणि काय नाही हे जाहीर करण्यासाठी घेऊ नका. मेंदूचा एक भाग पेटला म्हणून अमुक भावना होती असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही, कारण एकच भाग दहा कामांत पेटतो. ज्या शिक्षकाला हे पहिल्या महिन्यात सांगावंसं वाटत नाही, त्याच्याकडे शिकू नका.

हे शेवटचं वाक्य जरा जास्त झालं असेल. त्या शिक्षकांनीच आम्हाला मेलेल्या सामन माशाचा प्रयोग शिकवला होता. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि हजारो ठिकाणी एकदम तुलना करताना जी दुरुस्ती करावी लागते ती न करता आकडे पाहिले, तर माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली. म्हणजे सावध राहायला त्यांनीच शिकवलं, ती सावधगिरी सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतः वापरली नाही एवढंच. आणि निबंध मी पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की माझ्या विरोधातले दोन-तीन अभ्यास मी खरंच बाजूला ठेवले होते. ५८ अन्यायाचे नसावेत. मिरर न्यूरॉन थोतांड आहेत असंही मी म्हणत नाही. शिवाय माझा भाऊ बोलतो, लिहितो; ज्यांच्या घरी मूल अजिबात बोलत नाही त्यांचा अनुभव माझ्याहून फार वेगळा असू शकतो.

आता जीवशास्त्राचं. लागणारी नावं तीस-चाळीसच्या वर नाहीत: अमिग्डला, इन्सुला, सिंग्युलेट, टेम्पोरल आणि परायटल जिथे मिळतात तो भाग. वहीत मेंदूची आकृती रोज एकदा काढली की पंधरा दिवसांत बसतात. अडवतं ते संख्याशास्त्र. बी.ए.ला सहसंबंध आणि टी-टेस्टपाशी थांबला असाल तर सुट्टीतच पुढचं करून घ्या. निबंध वाचताना आधी पद्धतीचा भाग उघडा, माणसं किती होती ते बघा, मग निष्कर्ष वाचा. आर किंवा पायथन ह्या संगणकभाषांपैकी एखादी थोडी येत असेल तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही.

आणि तुमच्या वर्गात कुणी स्वमग्न विद्यार्थी असेल तर सहाव्या आठवड्याच्या आधी त्याच्याशी बोला. आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिने त्या तासाला काहीच म्हटलं नाही, आणि नंतरच्या आठवड्यापासून ती चर्चेला आली नाही. माझं लक्ष माझ्या भावावर होतं, तिला विचारायचं मला सुचलं नाही.