वाचकांचे प्रश्न : दुर्मिळ कर्करोग आणि हट्टी वेदना

या महिन्यात निवडलेल्या चार पत्रांपैकी तीन पत्रे दुर्मिळ कर्करोग झालेल्या रुग्णांच्या घरातून आली आहेत आणि चौथे केमोथेरपी पूर्ण केलेल्या एका वाचकाचे आहे. या आजाराकडे कोणी संशोधक लक्ष देतो का आणि हे दुखणे असेच राहणार का, या दोन काळज्या त्यांत पुन्हा पुन्हा येतात. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझ्या ४४ वर्षांच्या बहिणीच्या जठरातील गाठ शस्त्रक्रियेने काढली. रिपोर्टमध्ये ‘जिस्ट’ असे निदान आले. आजार परत येण्याचा धोका जास्त आहे म्हणून डॉक्टरांनी तीन वर्षे रोज गोळी घ्यायला सांगितली आहे, पण त्याआधी गाठीची जनुकीय चाचणी करू असे ते म्हणतात. नातेवाइकांचे म्हणणे असे की इतक्या थोड्या लोकांना होणाऱ्या आजारावर औषध कोण शोधणार, ही नुसती मनाची समजूत आहे. यात तथ्य आहे का?

उत्तर : तुमच्या नातेवाइकांची शंका पंचवीस-तीस वर्षांपूर्वी रास्त ठरली असती. आज ती खरी नाही, आणि ती खोटी ठरवणाऱ्या आजारांमध्ये जिस्टचा मान पहिला आहे.

आधी ‘दुर्मिळ’ या शब्दाविषयी. युरोपात ज्या कर्करोगाचे वर्षाला १ लाख लोकसंख्येमागे ६ पेक्षा कमी नवे रुग्ण आढळतात, त्याला दुर्मिळ म्हणतात. असे प्रकार जवळजवळ दोनशे आहेत आणि तेथील नोंदींनुसार त्या सर्वांची बेरीज केली तर कर्करोगाच्या दर पाच रुग्णांपैकी एकाहून अधिक रुग्ण त्यांतच मोडतात. प्रत्येक आजार एकटा लहान असला तरी त्यांचा समुदाय लहान नाही.

जिस्ट ही पचनमार्गाच्या हालचालींचा ताल राखणाऱ्या पेशींशी नाते असलेली गाठ आहे. पूर्वी तिची गणना स्नायूंच्या गाठींमध्ये होत असे, त्यामुळे केमोथेरपीही त्याच हिशेबाने दिली जाई आणि ती क्वचितच लागू पडे. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की यांतील बहुतेक गाठींमध्ये ‘किट’ नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन एरवी बाहेरून निरोप आला तरच पेशीला वाढायला सांगते. बदलानंतर ते निरोप नसतानाही अखंड जागे राहते. त्या सुमारास इमॅटिनिब हे औषध रक्ताच्या एका कर्करोगासाठी तपासले जात होते आणि ते किट प्रथिनालाही अडवते असे लक्षात आले होते. मार्च २००० मध्ये फिनलंडमधील एका स्त्रीला ते देण्यात आले. तिचा जिस्ट यकृतापर्यंत पसरलेला होता आणि आधीचे सारे उपचार थकले होते. महिन्याभरात तिच्या गाठी स्कॅनवर स्पष्टपणे लहान दिसू लागल्या. एका रुग्णाचा हा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २००२ च्या प्रारंभी अमेरिकेत हे औषध जिस्टसाठी मान्यही झाले.

तीन वर्षे हा आकडाही अंदाजाने काढलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर आजार उलटण्याचा धोका जास्त असलेल्या ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. पाच वर्षांनंतर एक वर्ष गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के, तर तीन वर्षे घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्ण हयात होते.

जनुकीय चाचणी अवश्य करा, आणि गोळी सुरू होण्याआधीच करा. काही गाठींमध्ये बदल किटमध्ये नसून ‘पीडीजीएफआरए’ या दुसऱ्या जनुकात असतो, आणि त्यातल्या डी८४२व्ही नावाच्या बदलावर इमॅटिनिब जवळजवळ चालतच नाही. अशा रुग्णाला तीन वर्षे ही गोळी देणे म्हणजे दुष्परिणाम पदरी घालून लाभ काहीच न देणे होय. आजार पसरल्यास अशा गाठींसाठी ॲव्हाप्रिटिनिब हे वेगळे औषध २०२० पासून उपलब्ध झाले आहे.

जिस्टने शिकवलेला धडा पुढे फार दूरवर गेला. गाठ कोणत्या अवयवात आहे यापेक्षा ती कशाच्या बळावर वाढते आहे हे पाहायचे ठरल्यावर निरनिराळ्या दुर्मिळ कर्करोगांचे रुग्ण एकाच चाचणीत एकत्र आणता येऊ लागले. लॅरोट्रेक्टिनिब या औषधाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त ५५ रुग्ण होते. सर्वांत लहान चार महिन्यांचे बाळ, सर्वांत मोठा रुग्ण ७६ वर्षांचा, आणि गाठींचे प्रकार १७. सगळ्यांत समान होते ते ‘एनटीआरके’ जनुकाचे दुसऱ्या जनुकाशी झालेले चुकीचे जोडकाम. त्यांपैकी ७५ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात आक्रसल्या. संख्येने इतक्या थोड्या रुग्णांनी इतके ठाम उत्तर दिल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात फार नाहीत, आणि मला स्वतःला हा अभ्यास अतिशय मोलाचा वाटतो.

एक काम आजच करा. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्यालाच ब्लॉक म्हणतात. तो कोठे आहे याची लेखी नोंद घेऊन ठेवा, आणि अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्याची फेरतपासणी करून घ्या. दुर्मिळ गाठींमध्ये दुसऱ्या नजरेने निदान बदलल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

प्रश्न : मांडीच्या हाडाच्या ऑस्टिओसार्कोमामुळे आमच्या १९ वर्षांच्या मुलाचा पाय आठ महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या वर कापावा लागला. आता नसलेल्या पायाचा तळवा जळतो, बोटे एकमेकांवर मुडपल्यासारखी आवळतात, असे तो सांगतो आणि रात्ररात्र जागतो. आम्ही समजूत घालतो की पायच नाही तर दुखेल कसा, पण त्यावर तो चिडतो. हे मानसिक आहे का?

उत्तर : त्याचे चिडणे योग्य आहे. ही वेदना खरी आहे, आणि ‘पायच नाही’ हे वाक्य कृपा करून त्याच्यासमोर पुन्हा उच्चारू नका. शस्त्रक्रियेत पाय गेला तरी मेंदूतील पायाची जागा तशीच राहते, आणि कापलेल्या नसांची टोके खुंटात गुंतून गाठाळ होतात व तेथून चुकीचे संदेश वर पाठवत राहतात. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोआझ पारे यांनीही या वेदनेची नोंद करून ठेवली आहे.

प्रथम खुंट नीट तपासून घ्या. कृत्रिम पायाचा साचा टोचत असेल, नसेची गाठ बोटाने दाबताच कळ उठत असेल, किंवा खुंटात नवी सूज आली असेल, तर उपचाराची दिशा बदलते; नव्या सुजेच्या बाबतीत तर कर्करोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवायला हवे.

त्यानंतर आरशाचा उपाय करून पाहा. मुलाने पाय लांब करून बसायचे, दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभा लांब आरसा धरायचा, त्याची काच शाबूत पायाकडे ठेवायची. आता आरशात पाहिले की जेथे पाय नाही तेथे पाय दिसतो. शाबूत पायाची आवळलेली बोटे सावकाश उलगडली की आरशातल्या पायाचीही उलगडतात, आणि पुष्कळांना तेव्हाच नसलेल्या बोटांची मूठ सैल झाल्यासारखी वाटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आठवडे रोज १५ मिनिटे हा सराव केलेल्या सहाही जणांचे दुखणे कमी झाले, तर आरसा झाकून तीच हालचाल केलेल्या सहांपैकी एकाचेच कमी झाले. अभ्यास फारच लहान होता आणि नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तरी ज्यात अपाय जवळजवळ नाही असा उपाय महिनाभर मनापासून करून पाहण्याजोगा आहे.

तेवढ्याने भागले नाही तर कापलेल्या नसेचे टोक मोकळे न सोडता ते जवळच्या स्नायूच्या बारीक नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया आहे. नसेला पुन्हा काम मिळाले की तिचा गोंधळ कमी होतो, ही त्यामागची कल्पना. २०१९ मध्ये २८ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत नसेची गाठ कापून स्नायूत पुरण्याच्या रूढ पद्धतीपेक्षा तिने नसलेल्या अवयवाची वेदना अधिक कमी झाली. अनेक ठिकाणी ती आता पाय कापतानाच केली जाते, पण नंतरही करता येते. प्लास्टिक सर्जनकडे तशी विचारणा करा.

प्रश्न : केमोथेरपी संपून चार महिने झाले, तरी तळपायांची जळजळ वाढतेच आहे. ॲसिटिल-एल-कार्निटिनच्या गोळ्यांनी नसा सुधारतात असे ऐकले. घ्याव्यात का?

उत्तर : घेऊ नका. टॅक्सेन गटाची औषधे घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवरील चाचणीत या गोळ्यांनी नसांचा त्रास वाढल्याचे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या औषधांचा त्रास केमो थांबल्यावरही काही महिने वाढतो, त्यामुळे आजार उलटला अशी भीती लगेच धरू नका. मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. केमोमुळे झालेल्या नसांच्या वेदनेवर सर्वांत भक्कम पुरावा ड्युलॉक्सेटिनचा आहे. २३१ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्या ५९ टक्के रुग्णांना थोडाफार तरी आराम पडला, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना. फरक मर्यादित आहे, पण तो खरा आहे. हे औषध मनाने सुरू किंवा बंद करायचे नसते.

प्रश्न : वडिलांना मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे. छातीच्या एका बाजूला असह्य दुखते आणि त्यासाठी मॉर्फीन चालू आहे. व्यसन न लावणारे नवे वेदनाशामक आले असे वाचले. मॉर्फीन बंद करून ते देता येईल का?

उत्तर : तुम्ही वाचलेले औषध बहुधा सुझेट्रिजिन असावे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण ती शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या अल्पकालीन वेदनेसाठी आहे.

त्याच्यामागची कहाणी मात्र थक्क करणारी आहे. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करीत असे. हातात सुऱ्या खुपसून घ्यायचा, निखाऱ्यांवर चालायचा, आणि त्याला काहीही दुखत नसे. चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधीच छतावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातील कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ मध्ये समजले की वेदनेच्या नसांमधील सोडियमचे एक दार, ज्याला एनएव्ही १.७ म्हणतात, त्यांच्यात जन्मतःच निकामी होते. तेच दार औषधाने बंद करण्याचे प्रयत्न निराशाजनक ठरले. शेजारच्या एनएव्ही १.८ या दारावर सुझेट्रिजिन काम करते. हे दार मुख्यतः मेंदूबाहेरील वेदनावाहक नसांत असल्यामुळे गुंगी आणि व्यसन टळते. परंतु पाठीतून पायात उतरणाऱ्या नसेच्या जुनाट दुखण्यावरील चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीहून सरस ठरले नाही. मेसोथेलिओमाच्या वेदनेत नस, बरगडी आणि फुप्फुसाचे आवरण या तिन्हींचा वाटा असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर मॉर्फीन थांबवू नये.

वेदनेच्या मानाने, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनने कर्करोगाच्या रुग्णाला व्यसन लागणे क्वचितच घडते. शरीराला त्याची सवय होते हे खरे, म्हणून ते एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने कमी करतात. पण सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, आणि रेचक पहिल्या दिवसापासून दिलेले नसेल तर ते आज मागून घ्या.

मॉर्फीन वाढवूनही एका बाजूचेच दुखणे हटत नसेल, तर कॉर्डोटॉमीविषयी विचारा. कानाच्या खाली, मानेतून सुई घालून मज्जारज्जूतील वेदना वाहून नेणारा बारीक मार्ग उष्णतेने बंद करतात. हा मार्ग दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध बाजूला असतो. रुग्ण जागा असतो, कारण सुईचे टोक योग्य जागी आहे की नाही हे तोच सांगू शकतो. त्यासाठी त्याला बराच वेळ उताणे आणि निश्चल पडून राहावे लागते, आणि धाप वाढल्यावर मेसोथेलिओमाच्या रुग्णाला तेच जमेनासे होते. म्हणून वडिलांना सपाट झोपता येते आहे तोवरच, या आठवड्यातच, वेदनातज्ज्ञांची भेट ठरवा.