कागद हरवले बँकेने, तक्रार तुम्ही का द्यायची?

प्रश्न: नाशिकला माझ्या व पत्नीच्या नावावर फ्लॅट आहे. 2009 मध्ये आधीच्या मालकाकडून घेतला. त्यासाठीचं गृहकर्ज यंदा 10 जानेवारीला पूर्ण फेडलं. बँकेने नो ड्यूज सर्टिफिकेट दिलं, पण आमचा मूळ करारनामा, आधीच्या मालकाचा बिल्डरबरोबरचा करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून परत दिलेलं नाही. आधी 'गोदामातून मागवलंय' म्हणाले, आता 'सापडत नाही' म्हणतात. शाखाधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिलाय. त्यावर सही करून पोलिसांत हरवल्याची तक्रार द्या, दहा हजार रुपये देऊ, असं ते सांगतात. फ्लॅट विकायला काढलाय, विसारही घेतलाय, पण घेणाऱ्याची बँक मूळ कागद मागते. सही करून मोकळं व्हावं का?

उत्तर: सही करू नका.

तुम्ही पाठवलेला मसुदा मी दोनदा वाचला. त्यात लिहिलंय, 'सदर मूळ दस्त आमच्या ताब्यात असताना आमच्याकडून गहाळ झाले.' सगळी गोम या एका वाक्यात आहे. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी तुमच्याजवळ आहे, तिच्यावर बँकेचा शिक्का आहे आणि तिन्ही कागद त्यात नोंदलेले आहेत. म्हणजे प्रतिज्ञापत्र सरळ खोटं ठरतं, आणि शपथेवर किंवा पोलिसांपुढे खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. शिवाय आपल्याकडे मूळ कागद नुसते सावकाराकडे ठेवूनही घर गहाण पडू शकतं. उद्या घेणाऱ्याच्या वकिलासमोर बँकेची यादी एक सांगेल आणि तुमचं प्रतिज्ञापत्र दुसरंच. घर दुसरीकडे गहाण तर नाही ना, ही शंका त्याला येणारच. बँकेची चूक झाकताना तुमचं स्वच्छ घर संशयात येईल.

आता हक्काचं. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी आदेश काढला. 1 डिसेंबर 2023 पासून ज्यांचे कागद परत देणं लागतं, त्या सर्वांना तो लागू आहे. कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाही उतरवायचा. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात, पण दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं बँकेवरच येतं. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांनाही हाच नियम आहे. (पतसंस्था मात्र यात येत नाहीत. बऱ्याच वाचकांची इथे गल्लत होते.)

तुमचा हिशेब करू. 10 जानेवारीनंतर 60 दिवस 11 मार्चला संपले. 12 मार्च ते 30 जून हे 111 दिवस, म्हणजे 5,55,000 रुपये, आणि आकडा रोज वाढतोय. एवढ्या हक्कावर दहा हजारांत पाणी सोडायला सांगणं मला संतापजनक वाटतं. साधा माणूस कोर्टकचेरीला भितो, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून तोंडी बोलणं आता बंद. दोघांच्या सहीने शाखेला अर्ज द्या, प्रत बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. अर्जात कर्ज फिटल्याची तारीख, यादीतले कागद आणि वरचा हिशेब लिहा. मागण्या अशा: कागद बँकेच्या ताब्यात असताना हरवले असं लेटरहेडवर पत्र, पोलिसांत बँकेनेच द्यायची तक्रार, बँकेच्या खर्चाने वृत्तपत्रात जाहीर नोटीस, आणि भरपाई. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण एकाच तक्रारीसाठी दोन्ही दारं एकदम ठोठावू नका, लोकपाल तक्रार दाखल करून घेणार नाही.

घराच्या मालकीची चिंता मात्र सोडा. दोन्ही करारनामे नोंदणीकृत आहेत, त्यामुळे त्यांची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात आहे. दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन प्रमाणित प्रती मागा, सोबत इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा गोषवाराही घ्या. आधीच्या मालकाला शोधत फिरायची गरज नाही. स्थावर मिळकतीच्या दस्ताची प्रत फी भरून कोणालाही मिळते, आणि मूळ दस्तात काय होतं हे सिद्ध करायला नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे ती चालते. शेअर सर्टिफिकेटची दुय्यम प्रत सोसायटी अर्ज आणि हमीपत्र घेऊन, ठराव करून देते. बँकेचं पत्र जोडलंत तर कमिटीही आढेवेढे घेणार नाही. सर्साई (गहाण मिळकतींची केंद्रीय नोंदवही) इथे तुमच्या फ्लॅटवरचा बोजा अजून दिसतो का, तेही तपासून घ्या. तो उतरवणं बँकेचं काम आहे, आणि घेणाऱ्याची बँक ते बघतेच.

घेणाऱ्यापासून काही लपवू नका. कागद हरवल्याचं त्याला आजच लेखी कळवा आणि विसारपावतीला पुरवणी करून मुदत वाढवून घ्या. बँकेचं पत्र, पोलिसांतल्या तक्रारीची प्रत, जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रती एवढं हातात असलं की बऱ्याच बँका हमीपत्र घेऊन कर्ज देतात. पण ते त्यांच्या मर्जीवर असतं, म्हणून त्याच्या बँकेला नेमकं काय चालेल हे पुरवणी लिहिण्याआधीच लेखी विचारायला सांगा. आणि त्याच्या बँकेने नकार दिला तर विसार किती दिवसांत परत करायचा, ते पुरवणीत स्पष्ट लिहा.